वाहन-मागोवा यंत्र आणि शेतमालाच्या मोटारीचा चालक

शेतात पिकलेला माल बाजारपेठेत वेळेवर व सुस्थितीत पोहोचणे हे शेतीव्यवसायाचे शेवटचे, परंतु अत्यंत महत्त्वाचे अंग होय. वर्षभर कष्ट करून पिकविलेली द्राक्षे, केळी, कांदा किंवा टोमॅटो एकदा मालमोटारीत भरला, की पुढील काही तास, कित्येकदा काही दिवस, त्याची सारी जबाबदारी एकाच माणसावर येऊन पडते. तो माणूस म्हणजे मोटारीचा चालक. माल उशिरा पोहोचला, फळांस डाग पडले किंवा वजनात घट आली, की पहिला जाब त्यालाच विचारला जातो. वाटेत घाट तीन तास बंद होता, बाजाराच्या फाटकाशी रात्रभर रांग होती, किंवा माल भरतानाच गरम होता, असे उत्तर त्याच्यापाशी असते. परंतु त्या उत्तरास पुरावा नसतो. मग भाड्यातून किंवा पगारातून कपात होते आणि तो मुकाट्याने ती सोसतो.

अलीकडे सहकारी दूध संघ, फळबागायतदारांच्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि वाहतूकदार आपल्या मोटारींवर मागोवा घेणारी यंत्रे बसवू लागले आहेत. चालकमंडळी या यंत्रास नुसते ‘जीपीएस’ म्हणतात आणि मालकाने गाडीत बसविलेला हेर म्हणून त्याकडे संशयाने पाहतात. हा संशय अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि, यंत्र जी नोंद करते ती कोणा एका पक्षाची नसते. गाडी कोठे थांबली हे जसे ती सांगते, तसेच गाडी का पुढे गेली नाही हेही तिच्यावरून सिद्ध करता येते. म्हणून चालकाने या यंत्राचे कार्य समजून घ्यावे, त्यापासून स्वतःस होणारे लाभ ओळखावेत आणि ते पदरात पडण्यासाठी कोणत्या अटी मागाव्यात हे जाणून घ्यावे, हे इष्ट होय. शेतकरी कुटुंबांतील अनेक तरुण आज या व्यवसायात असल्याने हा विषय शेतकऱ्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

यंत्राचे कार्य कसे चालते?

यंत्र आकाराने हाताच्या तळव्याएवढे किंवा त्याहूनही लहान असते. ते चालकाच्या समोरील फळीमागे बसवितात व गाडीच्या बॅटरीशी जोडतात. त्याची कामे मुख्यतः तीन आहेत : स्वतःचे स्थान ओळखणे, ते नोंदविणे व ती नोंद दूरच्या संगणकाकडे पाठविणे.

स्थान ओळखण्याचे काम उपग्रहांच्या साहाय्याने होते. अमेरिकेची जीपीएस ही उपग्रहमालिका १९९५ मध्ये पूर्णत्वाने कार्यान्वित झाली. नागरी वापरासाठीच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आल्यावर तिचा उपयोग सर्वसामान्य वाहनांसाठी खऱ्या अर्थाने होऊ लागला. भारतानेही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडून ‘नाविक’ नावाची प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि प्रत्येक उपग्रह स्वतःचे स्थान व अचूक वेळ सतत प्रसारित करीत असतो. संदेश यंत्रापर्यंत येण्यास किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर काढता येते. असे किमान चार उपग्रह ‘दिसले’ म्हणजे यंत्र आपली जागा निश्चित करते. हे संदेश सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने येत असल्याने वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक लाखांश भागाची जरी चूक झाली, तरी अंतरात तीन किलोमीटरांचा फरक पडेल. यावरून या कामी किती अचूकता लागते याची कल्पना यावी.

स्थान, वेग व वेळ यांची नोंद झाली, की ती मोबाइल दूरध्वनीच्या जाळ्यामार्फत संगणकाकडे जाते. त्यासाठी यंत्रात साध्या मोबाइलप्रमाणेच सिमकार्ड असते. घाटात किंवा आडरानात मोबाइलचे जाळे नसले, तर चांगले यंत्र नोंदी स्वतःपाशी साठवून ठेवते आणि जाळे मिळताच एकदम पाठविते. म्हणून ‘नेटवर्क नव्हते, त्यामुळे नोंदच नाही’ असे सहसा घडत नाही. मुख्य यंत्रास आणखी उपयंत्रे जोडता येतात. शीतवाहनातील तपमान, टाकीतील डिझेलची पातळी, इंजिनाचे फेरे, टँकरची झडप उघडल्याची वेळ इत्यादी गोष्टी त्यांच्याद्वारे नोंदविल्या जातात.

प्रवासी वाहनांसाठी असे यंत्र व संकटसमयीचे बटण आवश्यक करणारा नियम केंद्र शासनाने २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांस तो लागू झाला. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांतून वगळण्यात आल्या. या यंत्रांचे मानक ‘एआयएस-१४०’ या नावाने ओळखले जाते. गाडीची बॅटरी तोडली गेली तरी यंत्र आपल्या अंतर्गत बॅटरीवर किमान चार तास चालले पाहिजे, अशी त्यात अट आहे. २०२२ मध्ये धोकादायक पदार्थ व काही वायू वाहणाऱ्या मालवाहनांनाही यंत्राची अट घालण्यात आली. आपल्या मोटारीच्या परवान्यास कोणती अट लागू आहे याची खात्री मालकाने प्रादेशिक परिवहन कार्यालयात करून घ्यावी.

पहिला लाभ : दूरध्वनीचा जाच कमी होतो

शेतमालाची मोटार रस्त्यास लागली, की चालकाचा दूरध्वनी वाजू लागतो. शेतकरी विचारतो, गाडी कोठवर आली? आडत्या विचारतो, लिलावापूर्वी पोहोचेल काय? हुंडेकरी व मालक यांचे विचारणे निराळेच. रात्रीच्या वेळी, भरलेली मोटार घाटात असताना, एका हाताने दूरध्वनी धरून उत्तर देणे हे जिवावर बेतणारे आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार गाडी चालविताना हातातील दूरध्वनी वापरणे हा धोकादायक रीतीने वाहन चालविण्याच्या अपराधात मोडते. आणि दंड चालकास होतो, विचारणाऱ्यास होत नाही.

यंत्र बसविलेल्या गाडीचे स्थान संबंधितांना आपापल्या मोबाइलवर पाहता येते. संस्थेने शेतकरी व आडते यांना त्या त्या फेरीपुरता दुवा दिला, तर चालकास कोणी विचारण्याचे कारणच उरत नाही. त्याच्या घरच्या माणसांनाही गाडी सुखरूप चालली आहे एवढे कळणे पुरेसे असते. हा लाभ लहान वाटला तरी रोजचा आहे.

दुसरा लाभ : विश्रांतीचा हिशेब मांडता येतो

मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ याने चालकाच्या कामाचे तास दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस असे ठरविले होते. लांबच्या मार्गावर किंवा सणासुदीच्या प्रसंगी अधिकाऱ्याच्या संमतीने ते दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न करण्याची मुभा होती. सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी आणि विश्रांतीसह कामाचा एकूण पसारा बारा तासांपलीकडे नेऊ नये, अशीही तरतूद होती. जादा कामास दुप्पट दराने वेतन देय होते. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला. मात्र १९६१ चा अधिनियम मुळात पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या वाहतूक उपक्रमांनाच लागू होता. एक-दोन मोटारी असलेल्या मालकाकडील चालक त्याच्या छत्राबाहेर राहिला आणि ज्यांना कायदा लागू होता त्यांच्यापाशीही तास सिद्ध करण्याचे साधन नव्हते.

येथे यंत्राचा उपयोग विशेष आहे. रावेर-सावदा भागातून केळी घेऊन दिल्लीस जाणाऱ्या मोटारीचे उदाहरण घ्यावे. अंतर सुमारे हजार किलोमीटरांचे आहे. घाट, गावे, नाके व गर्दी धरून मोटारीचा सरासरी वेग ताशी चाळीस किलोमीटर मानला, तर गाडी नुसती चालविण्यासच पंचवीस तास लागतात. दिवसाला दहा तासांच्या हिशेबाने एकट्या चालकास त्यासाठी अडीच दिवस हवेत. ‘उद्या रात्री दिल्लीत माल उतरलाच पाहिजे’ असे जो सांगतो, तो प्रत्यक्षात चालकाने झोपू नये असेच सांगत असतो. परंतु हिशेब कागदावर नसल्याने त्यास ते जाणवत नाही. पूर्वीच्या दहा-वीस फेऱ्यांच्या नोंदी पुढे ठेवल्या, की त्या मार्गास खरोखर किती वेळ लागतो हे वादातीत ठरते. मग एक तर मुदत वाढवावी लागते किंवा दुसरा चालक द्यावा लागतो.

झोपेच्या अभावाचे मोल फार मोठे आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. चालकास तीन सेकंदांची जरी डुलकी लागली, तरी तेवढ्यात मोटार पन्नास मीटर अंतर कोणाच्याही ताब्यात नसताना कापते. मुंबई व नागपूर यांस जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. अशा सरळ व एकसुरी रस्त्यावर चालकास गुंगी येण्याचा संभव अधिक असतो. सलग चार तास गाडी थांबली नाही, तर सूचना देण्याची व्यवस्था यंत्रात करता येते. ती सूचना चालकाबरोबरच मालकाकडेही जावी. त्यायोगे ‘थांबलास का?’ असे विचारण्याऐवजी ‘अजून थांबला का नाहीस?’ असे विचारण्याची वेळ मालकावर येते.

तिसरा लाभ : खोळंब्याचा मोबदला मागता येतो

चालकाचा पुष्कळसा वेळ रस्त्यावर नव्हे, तर उभ्या गाडीत जातो. बाजार समितीच्या फाटकाशी, बंदराबाहेरील कंटेनरांच्या रांगेत किंवा गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या आवारात तासन्‌तास नंबर लागत नाही. फेरीमागे ठरलेली रक्कम घेणाऱ्या चालकास या वेळाचे काहीच मिळत नाही. उलट पुढची फेरी बुडते. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, त्याचे वजन व साखर घटते, म्हणजे शेतकऱ्याचेही नुकसान होते. चालक व शेतकरी यांचे हित येथे एकच आहे.

ठरावीक जागेभोवती नकाशावर कुंपण आखून गाडी त्यात केव्हा शिरली व केव्हा बाहेर पडली याची आपोआप नोंद घेण्याची सोय यंत्रात असते. ‘चार तासांपर्यंत थांबणे भाड्यात धरले जाईल, त्यापुढील प्रत्येक तासास अमुक रक्कम’ असा करार आधी केलेला असला, तर या नोंदीवरून बिल करता येते आणि त्यातील चालकाचा वाटाही ठरविता येतो. आधी करार नसेल, तर नोंद असूनही पैसे हाती पडत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

चौथा लाभ : माल खराब झाल्याचा ठपका टळतो

हा लाभ नीट समजण्यासाठी फळांचा स्वभाव पाहिला पाहिजे. तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते व उष्णता बाहेर टाकते. द्राक्षे दूरच्या बाजारपेठेस पाठविताना शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागतात, तर केळी तेरा अंशांच्या खाली गेल्यास त्यांच्या सालीवर काळपट छटा येऊन ती नीट पिकत नाहीत. शीतवाहनाचे यंत्र आधीच थंड केलेला माल थंड राखण्यासाठी बनविलेले असते. गरम माल थंड करण्याची त्याची शक्ती नसते. भर दुपारी तोडलेली द्राक्षे पूर्वशीतकरण न करता शीतवाहनात भरली, तर पेट्यांच्या थप्पीच्या आतील तपमान उतरण्यास फार वेळ लागतो. बंदरावर पेटी उघडल्यावर मणी सुटलेले व देठ वाळलेले दिसतात, आणि ‘चालकाने वाटेत यंत्र बंद ठेवून डिझेल वाचविले’ असा आरोप होतो.

तपमापक जोडलेले असल्यास या आरोपाचा निकाल काही क्षणांत लागतो. माल भरतेवेळी आतील हवा व माल यांचे तपमान काय होते, दरवाजा किती वेळ उघडा राहिला आणि शीतयंत्र सलग चालू होते की नाही, हे सारे वेळेसह नोंदलेले असते. चूक बांधावरची असेल तर ती बांधावर दिसते, वाटेतील असेल तर वाटेत दिसते. दुधाच्या टँकरलाही हेच लागू पडते. शीतकेंद्रात चार अंशांपर्यंत थंड केलेले दूध उष्णतारोधक टँकरमधून नेतात. वाटेत पाणी मिसळल्याचा किंवा दूध काढल्याचा संशय आल्यास झडप एकदाही उघडली नाही व गाडी आडबाजूस थांबली नाही, ही नोंद चालकाच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. प्रामाणिक माणसास पुरावा मिळणे म्हणजे त्याची अब्रू राखली जाणेच होय.

याकरिता चालकाने एक सवय लावून घ्यावी. माल भरून होताच तपमापकाचा आकडा पाहावा, बिल्टीवर तो वेळेसह लिहावा व माल भरून देणाऱ्याची सही घ्यावी. यंत्राची नोंद व ही सही एकमेकींस बळकटी आणतात.

पाचवा लाभ : घाट व संकटप्रसंग

डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची घातक चाल काही चालकांत आढळते. आधुनिक डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढला असता इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थोडे डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत होत नाही, उलट इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात व पकड सोडतात. इंजिन बंद केल्यास तर हवेचा दाब भरणारा पंपही थांबतो आणि स्टिअरिंग जड होते. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये अनावर झालेल्या एका मालमोटारीने कितीतरी वाहनांस धडक दिली. अशा लांब उतारावर काही किलोमीटर आधी केलेली चूक शेवटच्या वळणावर भोवते. वेग व इंजिनाचे फेरे एकत्र नोंदविणारे यंत्र अशी चूक ताबडतोब ओळखून चालकास आवाजाने सावध करू शकते. जुन्या चालकाची चांगली सवयही याच नोंदींत उमटते. घाटात योग्य गिअर राखणारा, एकदम ब्रेक न दाबणारा चालक कोण, हे मालकास पुराव्यानिशी कळते व त्यास बक्षीस देणे सोपे जाते.

रात्री ताडपत्री फाडून होणारी चोरी, लूटमार, गाडीतील बिघाड किंवा अपघात या प्रसंगी चालक एकटा असतो. नेमकी जागा सांगता न आल्यामुळे मदतीस उशीर होतो. संकटसमयीचे बटण दाबले असता गाडीचे स्थान नियंत्रणकक्षाकडे जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसही अचूक जागा सांगता आली, तर जखमीचा जीव वाचण्याची शक्यता वाढते. मात्र ते बटण कोठे जोडलेले आहे व दाबल्यावर उत्तर कोण देतो याची परीक्षा आधीच करून पाहावी. ज्या बटणाचा आवाज कोणीच ऐकत नाही, त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

अपघातानंतरचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अपघात करून न कळविता निघून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या भारतीय न्याय संहितेतील कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी काम थांबविले. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम, म्हणजे कलम १०६ चे दुसरे उपकलम, लागू करण्यात आले नाही. जमावाच्या मारहाणीच्या भीतीने जागा सोडावी लागते, पळून जाण्याचा हेतू नसतो, असे चालकांचे म्हणणे होते. अशा प्रसंगी गाडीचा वेग किती होता, ब्रेक केव्हा लागले आणि चालक तेथून सरळ नजीकच्या पोलीस ठाण्यात गेला की काय, हे नोंदीवरून दिसून येते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये अशी संगणकीय नोंद पुराव्यात घेता येते. तथापि तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून गंभीर घटना घडताच त्या दिवसाच्या नोंदी जपून ठेवण्याविषयी चालकाने मालकास व यंत्र पुरविणाऱ्या कंपनीस लेखी कळवावे, कारण जुन्या नोंदी काही काळाने पुसल्या जातात.

यंत्राच्या मर्यादा

यंत्र चुकत नाही असे समजणे हीच मोठी चूक होय. उपग्रह दिसण्यासाठी मोकळे आकाश लागते. खोल घाटात, उंच इमारतींमध्ये व बोगद्यात स्थान चुकते किंवा मिळतच नाही. इगतपुरी-कसारा दरम्यानचा समृद्धी महामार्गाचा बोगदा सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. त्यात शिरलेली गाडी नकाशावर मुखाशीच थांबलेली दिसू शकते व नंतर एकदम पलीकडे उडी घेते. उभ्या गाडीचे स्थानही काही मीटर इकडेतिकडे सरकलेले दिसते. टाकीतील तरंगत्या मापकाचा आकडा चढ-उतारावर डिझेल हेलकावल्याने खाली-वर होतो आणि न घडलेल्या चोरीचा भास निर्माण करतो. तेव्हा एखाद्या सुट्या नोंदीवरून दंड करणे अन्यायाचे ठरेल. डिझेलचा हिशेब सपाट जागी गाडी उभी करून व पंपावरील पावती ताडून पाहिल्याशिवाय पक्का मानू नये.

परदेशांतील अनुभव

चालकांचा विरोध हा काही नवा नाही. युरोपीय समुदायाने मालमोटारींचा वेग, चालविण्याचा वेळ व विश्रांती नोंदविणारे ‘टॅकोग्राफ’ हे उपकरण १९७० च्या नियमाने आवश्यक केले, तेव्हा ब्रिटनमधील चालकांच्या संघटनांनी त्यास ‘कॅबिनमधला हेर’ म्हणून कडाडून विरोध केला. अखेर १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निर्णयानंतर ब्रिटनला ते स्वीकारणे भाग पडले. युरोपात आज सलग साडेचार तास गाडी चालविल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे व ती या उपकरणावरूनच तपासली जाते.

अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून कामाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद अनिवार्य झाली. तेथील नियमांत एक गोष्ट अनुकरणीय आहे. मालकाने या साधनाचा उपयोग चालकास छळण्यासाठी करू नये, असे स्पष्ट बंधन घातलेले आहे. मालकाने सुचविलेली दुरुस्ती चालकाने मान्य केल्याशिवाय नोंदीत कायम होत नाही, चालकास स्वतःची नोंद पाहता येते आणि तो झोपेच्या जागी असताना उपकरणाचा आवाज बंद ठेवण्याची सोय असते. यंत्र चालकाच्या बाजूस आले ते या नियमांमुळे.

करारात कोणत्या अटी असाव्यात?

वरील विवेचनावरून हे स्पष्ट होईल की, यंत्राचा लाभ चालकास आपोआप मिळत नाही. नोंद फक्त मालकाच्या कुलपात राहिली, तर ती मालकाच्याच सोयीने उघडली जाते. यास्तव यंत्र बसविताना संस्थांनी व वाहतूकदारांनी चालकांशी पुढील बाबी लेखी ठरवाव्यात :

१. कोणत्या गोष्टींची नोंद होणार, ती कोण पाहणार व किती दिवस जपणार, हे चालकास त्याच्या भाषेत समजावून सांगावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला आहे, याचे भान ठेवावे.

२. चालकास स्वतःच्या फेरीची नोंद त्याच्या मोबाइलवर पाहता यावी. फेरी संपल्यावर अंतर, चालविण्याचे तास व थांबण्याचे तास दाखविणारा उतारा त्यास द्यावा.

३. केवळ यंत्राच्या नोंदीवरून कपात करू नये. आधी चालकाचे म्हणणे ऐकावे व ते लिहून ठेवावे.

४. फेरीची मुदत सरासरी नोंदींवरून ठरवावी. सर्वांत जलद फेरीचा वेळ सर्वांना लावू नये.

५. विश्रांतीसाठी थांबलेल्या चालकास उठवू नये. कॅबिनमध्ये कॅमेरा असल्यास तो झोपण्याच्या जागेकडे वळविलेला नसावा आणि सुटीच्या वेळी चालकाचा माग काढू नये.

६. खोळंब्याचा दर व त्यातील चालकाचा वाटा आधी ठरवावा.

७. डिझेल, टायर व दुरुस्ती यांत बचत झाल्यास तिचा काही अंश चालकास बक्षीस म्हणून मिळावा.

चालकानेही आपली बाजू सांभाळावी. यंत्राची तार काढणे किंवा त्यावर धातूचे आच्छादन घालणे हे स्वतःचाच साक्षीदार घालवून देण्यासारखे आहे. तुटलेल्या वेळेत काय घडले हे मग कोणीही सांगू शकत नाही आणि संशय तेवढा शिल्लक राहतो. यंत्राचा दिवा लागत नसल्यास निघण्यापूर्वीच मालकास संदेश पाठवावा. रस्ता बंद असल्यास त्या ठिकाणचे छायाचित्र काढून ठेवावे.

लहान संस्थांनी एकदम साऱ्या मोटारींवर यंत्रे बसविण्याची घाई करू नये. प्रथम एका हंगामात दोन-तीन मोटारींवर, चालकांच्या संमतीने, प्रयोग करून पाहावा. महिनाअखेर चालक, मालक व माल देणारे शेतकरी यांनी एकत्र बसून नोंदी वाचाव्यात. कोठे गाडी अकारण खोळंबते, कोणत्या शेतावर माल भरण्यास उशीर होतो, कोणत्या मार्गावर चालकास रात्र जागून काढावी लागते, हे त्यातून दिसून येईल व त्यातील बऱ्याच अडचणी थोड्याशा फेरबदलाने दूर करता येतील. माल भरण्याची वेळ दोन तास अलीकडे आणल्याने चालकास रात्री चार तास झोप मिळत असेल, तर तो फेरबदल त्याच आठवड्यापासून अमलात आणावा. त्यायोगे चालकाचा जीव, शेतकऱ्याचा माल व मालकाची मोटार या तिन्हींचे रक्षण होईल.